लंडनची नाताळची रोषणाई गाईडसोबत पाहायची तर

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे जाणारे आपल्याकडचे आई-वडील बहुधा मे ते सप्टेंबर हा काळ निवडतात, कारण तेव्हा दिवस मोठा असतो आणि थंडीचा त्रास नसतो. डिसेंबरचे नाव काढताच घरातील वडीलधारी मंडळी कानटोपीच्या आठवणीने हात झटकतात. मध्य लंडनची नाताळची रोषणाई मात्र याच अंधाऱ्या दिवसांत असते आणि ती पाहण्यासाठी एक संध्याकाळ नीट आखली, तर थंडीची तक्रार बरीच कमी होते. ती कशी आखावी, गाईडसोबतची फेरी कोणती घ्यावी आणि प्रत्यक्ष फेरीत कोठे थांबून काय पाहावे, हे येथे सांगितले आहे.

प्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. ही रोषणाई सार्वजनिक रस्त्यांवर असते आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत, मग गाईडवर खर्च कशासाठी करावा? पुण्यात गणपतीचे देखावे पाहायला निघालेल्या पुणेकराला कोणत्या बोळातून शिरावे, कोणती गर्दी टाळावी आणि कोणता देखावा किती वाजता पाहावा हे उपजतच ठाऊक असते. परगावच्या पाहुण्याला ते ठाऊक नसल्यामुळे तो लक्ष्मी रस्त्यावर तासभर अडकून, दोनच गणपती पाहून, दमून परत जातो. लंडनमध्ये आपण ते पाहुणे असतो. चांगला गाईड आपल्याला दिवे दाखवत नाही, कारण ते आपल्याला दिसतातच. तो दिव्यांचा क्रम लावून देतो आणि त्यांच्यामागील हकिगत सांगतो. हा क्रम आणि ही हकिगत ज्यांना नको असेल, त्यांनी खुशाल स्वतः फिरावे.

कोणत्या दिवशी जावे

मध्य लंडनमधील बहुतेक रस्त्यांवरचे दिवे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागू लागतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरवले जातात. ट्रॅफल्गर स्क्वेअरमधील प्रसिद्ध झाड मात्र डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी उजळते. त्यामुळे नोव्हेंबरात फेरी घेतली, तर गर्दी कमी मिळते, पण ते झाड हुकते. माझ्या मते डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारनंतर येणारा सोमवार, मंगळवार किंवा बुधवार सर्वांत सोयीचा असतो. शुक्रवारी आणि शनिवारी कार्यालयांतील मेजवान्या आणि खरेदीची झुंबड यांमुळे रस्ते इतके भरतात, की पंधरा जणांच्या गटाला एकत्र राहणेच कठीण होते. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधले दिवसही चांगले, कारण दिवे असतात आणि भेटवस्तूंच्या खरेदीची घाई संपलेली असते. मात्र त्या दिवसांत सेलसाठी आलेली गर्दी असते, हे ध्यानात ठेवावे.

२५ डिसेंबरची गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी लंडनमध्ये ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे, सार्वजनिक बस आणि रेल्वे यांपैकी काहीही धावत नाही, आणि २४ तारखेच्या संध्याकाळीही गाड्या लवकर थांबतात. काही खासगी सहली २५ तारखेलाही निघतात; परंतु मुक्कामाच्या ठिकाणापासून त्या जेथून सुटतात तेथपर्यंत आपण पायी जाऊ शकतो का, याचा विचार केल्याशिवाय त्या दिवसाचे आरक्षण करू नये.

वेळेबाबत भारतातून येणाऱ्यांची एक चूक वारंवार होते. ‘संध्याकाळची फेरी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सात-आठ वाजण्याची वेळ येते. डिसेंबरच्या मध्यास लंडनमध्ये सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि साडेचारला आकाश गडद निळे होते. हा निळा रंग जेमतेम अर्धा तास टिकतो आणि त्याच्या पार्श्वभूमीवर दिवे जितके खुलतात तितके ते पूर्ण काळोखात खुलत नाहीत. म्हणून साडेचार किंवा पाचच्या सुमारास सुरू होणारी फेरी मिळत असल्यास तीच घ्यावी. लहान मुले आणि वडीलधारी मंडळीही मग आठपर्यंत घरी पोहोचतात. फार उशिराची फेरी घेण्यात धोकाही आहे. विजेचे दर भडकले त्या २०२२ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील रोषणाई दुपारी ३ ते रात्री ११ एवढ्याच वेळात चालू ठेवली होती. तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर निवांत निघून दिवे पाहू, हा बेत करू नये.

पायी, बस की टॅक्सी

फेऱ्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यापेक्षा आपल्या गटातील सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून निवड करावी.

पायी फेरी साधारणतः दीड ते दोन तासांची असते आणि तिच्यात अडीच-तीन किलोमीटर चालणे होते. अंतर फार नाही, पण थांबत-थांबत, थंड फरसबंदीवर उभे राहत चालणे हे सकाळच्या फिरण्यापेक्षा अधिक थकवते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पायीच जावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बस ज्या गल्ल्यांत शिरू शकत नाही त्याच गल्ल्यांत या शहराची खरी मौज आहे.

दुसरा प्रकार उघड्या टपाच्या दुमजली बसचा. वरच्या मजल्यावरून रिजंट स्ट्रीटवरील दिव्यांच्या देवदूतांच्या प्रतिकृती अगदी डोक्यावर येतात आणि लहान मुलांना त्याचे विलक्षण अप्रूप वाटते. परंतु पाच-सहा अंश तापमानात चालत्या बसच्या टपावर जो वारा लागतो, त्याची कल्पना खाली उभे राहून येत नाही. आरक्षण करतानाच वरचा मजला पूर्ण उघडा आहे, अर्धा झाकलेला आहे की काचेचा आहे हे विचारून घ्यावे. गाईड बसमध्ये प्रत्यक्ष उपस्थित असणार की ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवले जाणार, हाही प्रश्न विचारावा. आम्ही घेतलेल्या एका फेरीत गाईड उत्तम होता, पण ध्वनिक्षेपक मागच्या चार ओळींपर्यंत पोहोचतच नव्हता आणि आम्ही दीड तास त्याचे हातवारे पाहत बसलो. तेव्हापासून मी बसमध्ये पुढच्या अर्ध्या भागातच जागा धरतो. शनिवारी संध्याकाळी बसची फेरी घेऊच नये, कारण वाहतुकीच्या कोंडीत एकाच दिव्याखाली वीस मिनिटे काढावी लागतात.

तिसरा प्रकार काळ्या टॅक्सीचा. येथे चालक हाच गाईड असतो. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यामुळे कोंडी दिसताच हा माणूस कोणत्या बोळातून बाहेर काढील याचा नेम नसतो. या टॅक्सीत पाच प्रवासी मावतात आणि चाकाची खुर्चीही चढवता येते. आजी-आजोबा बरोबर असतील, तर दर अधिक असूनही हाच पर्याय घ्यावा, कारण पाच जणांत विभागल्यावर तो बसपेक्षा फारसा महाग पडत नाही आणि गाडीच्या उबेत बसून हॅरॉड्सच्या इमारतीवरचे सुमारे बारा हजार दिवे, बर्कली स्क्वेअर आणि बाँड स्ट्रीट अशी दूर-दूरची ठिकाणे एकाच संध्याकाळी पाहून होतात.

रस्त्याच्या कडेला रंगीत दिवे आणि मोठ्याने गाणी लावून उभ्या असणाऱ्या सायकलरिक्षा आकर्षक वाटतात. त्यांच्या अवाच्या सवा भाड्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की त्यांच्यावर नियंत्रण आणण्यासाठी २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. बसायचेच असेल, तर भाडे एका माणसाचे की सर्वांचे, मिनिटाचे की फेरीचे, हे आधी स्पष्ट ठरवून मगच पाय ठेवावा.

आरक्षणापूर्वी

ब्रिटनमध्ये ‘ब्लू बॅज’ असलेला गाईड हा प्रशिक्षित आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो. लंडनच्या बॅजसाठीचा अभ्यासक्रम सुमारे दोन वर्षांचा असतो. असा गाईड मिळाल्यास उत्तमच, परंतु बॅज नसलेले अनेक तरुण गाईडही फार रंगतदार बोलतात, तेव्हा हा एकमेव निकष मानू नये. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न गटात किती माणसे असतील हा आहे. डिसेंबरच्या गर्दीत वीसहून अधिक माणसांचा गट म्हणजे शेवटच्या पाच जणांसाठी केवळ चालण्याचा व्यायाम. गाईड कानात लावायची यंत्रे देणार असेल, तर मोठा गटही चालतो.

भेटीचे ठिकाण कळवताना केवळ स्थानकाचे नाव दिलेले असेल, तर कोणत्या क्रमांकाच्या दारापाशी उभे राहायचे हे विचारून घ्यावे. ऑक्सफर्ड सर्कससारख्या स्थानकाला रस्त्याच्या चारही कोपऱ्यांवर दारे आहेत आणि गर्दी वाढली, की सुरक्षेसाठी स्थानकाची प्रवेशद्वारे काही काळ बंदही केली जातात. फेरी तेथून सुरू होणार असल्यास बाँड स्ट्रीट किंवा टॉटनहॅम कोर्ट रोड येथे उतरून दहा मिनिटे चालत येणे शहाणपणाचे. ही दोन्ही स्थानके एलिझाबेथ लाइनवर आहेत आणि तेथे पायऱ्या न चढता लिफ्टने रस्त्यावर येता येते. ऑक्सफर्ड सर्कसला ती सोय नाही.

‘मोफत’ म्हणून जाहिरात केलेल्या पायी फेऱ्याही असतात. त्यांत शेवटी आपल्या मर्जीने पैसे द्यायचे असतात आणि गाईडची कमाई त्यावरच अवलंबून असते, म्हणून तेथे हात आखडता घेणे योग्य नव्हे. तिकिटाच्या फेरीत बक्षिसी देण्याची सक्ती नसते, आवडल्यास द्यावी.

अंगावर काय घालावे आणि काय खावे

एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात, हे सर्वांना ठाऊक असते. विसर पडतो तो पायांचा. पातळ तळव्याच्या बुटांतून फरसबंदीचा गारवा अर्ध्या तासात वर चढतो, त्यामुळे जाड तळव्याचे बूट आणि लोकरीचे मोजे यांवर खर्च करावा. साडी नेसणाऱ्या मंडळींनी आत उबदार लेगिंग घालावी. पाऊस पडण्याची शक्यता नेहमीच असते, मात्र गर्दीत छत्री इतरांच्या डोळ्यांशी येते, म्हणून टोपीचे जलरोधक जाकीट बरे. पावसाने फेरी बिघडेल, अशी भीती बाळगू नये. उलट ओल्या डांबरावर वरची सगळी रोषणाई उलटी उतरते आणि एका तिकिटात दोन आराशी पाहायला मिळतात.

फेरीत मध्येच थांबून गरम मसालेदार वाइन किंवा भाजलेले चेस्टनट घेण्याची पद्धत आहे. ‘मिन्स पाय’ या सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्रीच्या नावातील मिन्स म्हणजे खिमा या शब्दामुळे अनेक शाकाहारी मंडळी तिला हात लावत नाहीत. आता तिच्यात मांस नसते. आत मनुका, बेदाणे, सफरचंद आणि मसाले यांचे गोड सारण असते. मात्र पारंपरिक पाककृतीत त्या सारणात जनावराची चरबी घालतात, म्हणून ज्यांना पथ्य पाळायचे आहे त्यांनी वेष्टनावर शाकाहारी असल्याची नोंद आहे का, हे पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष फेरी

प्रत्येक गाईडचा मार्ग थोडा वेगळा असतो. येथे मी ऑक्सफर्ड सर्कसपासून कॉव्हेंट गार्डनपर्यंतचा मार्ग गृहीत धरला आहे, कारण या दिशेने गेल्यास झगमगाट क्रमाक्रमाने मवाळ होत जातो आणि डोळे थकत नाहीत.

ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात २००९ पासून तिरका रस्ता ओलांडण्याची सोय आहे. हिरवा माणूस दिसला, की चारही बाजूंची वाहने एकदम थांबतात आणि माणसे फुलीच्या आकारात चौक पार करतात. चौकाच्या बरोबर मध्यावरून एका बाजूला ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि दुसऱ्या बाजूला रिजंट स्ट्रीट अशा दोन्ही आराशी एकाच वेळी दिसतात; ते दृश्य चालता-चालता डोळ्यांत भरून घ्यावे, छायाचित्रासाठी थांबू नये. वाहने येथेही आपल्यासारखीच उजवीकडून येतात, ही एक सोय.

लंडनच्या रस्त्यांवरील नाताळच्या रोषणाईची परंपरा रिजंट स्ट्रीटवर १९५४ मध्ये सुरू झाली. युद्ध संपून नऊ वर्षे झाली होती, त्याच वर्षीच्या जुलैत अन्नधान्याचे रेशनिंग पूर्णपणे उठले होते, आणि तरीही नाताळात लंडन किती निस्तेज दिसते अशी खंत वृत्तपत्रातून व्यक्त झाल्यावर या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने स्वखर्चाने दिवे लावले. ऑक्सफर्ड स्ट्रीटने १९५९ मध्ये त्यांचे अनुकरण केले. ही रोषणाई सरकारी नाही, दुकानदारांची आहे, आणि म्हणूनच तिच्यात मंदीचे चढउतार उमटतात. १९७६ आणि १९७७ या वर्षी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवे लागलेच नाहीत आणि १९७८ मध्ये ते परतले, तेव्हा त्या काळी नवलाईचा असणारा लेझरचा खेळ करण्यात आला. एखादे वर्ष फिके वाटले, तर गाईडला त्यामागचे कारण अवश्य विचारावे. बहुतेक गाईड या प्रश्नाने खुलतात.

रिजंट स्ट्रीटवर २०१६ पासून पसरलेल्या पंखांच्या देवदूतांची आरास बहुतेक वर्षी दिसत आली आहे. तिच्यात सुमारे तीन लाख एलईडी दिवे आहेत. येथे गाईडचे बोलणे सुरू असताना सर्वजण देवदूतांच्या चेहऱ्यांकडे पाहतात. आपण थोडे बाजूला, तारा कोठे जातात तिकडे पाहावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जवळजवळ एकाच उंचीच्या, पोर्टलंडच्या फिकट दगडाच्या आहेत आणि त्यांच्या दर्शनी भिंतींत बसवलेल्या कड्यांना ताणलेल्या तारांवर हा सगळा भार तोललेला असतो. वाहतूक थांबवता येत नसल्याने ही कामे रात्री करतात. आरास इतकी सुबक का दिसते, याचे अर्धे श्रेय त्या समान उंचीच्या इमारतींचे आहे. जॉन नॅश या वास्तुविशारदाने आखलेला हा रस्ता पिकॅडिलीकडे जाताना डौलदार वळण घेतो. त्यामुळे सगळे देवदूत एकदम न दिसता एकामागून एक पुढे येतात, आणि म्हणूनच हे वळण पायी चालत घ्यावे. वाटेत हॅम्लीज हे खेळण्यांचे जुने दुकान लागते. २०१९ पासून ते मुंबईच्या रिलायन्सच्या मालकीचे आहे, हे गाईडने सांगितले नाही, तर आपण सांगावे. मुलांना घेऊन आत शिरण्याचा मोह मात्र फेरी संपेपर्यंत आवरावा, कारण तेथून मुले तासाभराच्या आत बाहेर येत नाहीत आणि तोवर गट निघून जातो.

चांगला गाईड रिजंट स्ट्रीट मध्येच सोडून डावीकडे कार्नबी स्ट्रीटमध्ये नेतो. येथे मोटारी नाहीत, रस्ता अरुंद आहे आणि आरास डोक्याच्या फार वर नसते. तिचा विषय वरचेवर बदलतो आणि तिच्यात थोडा खट्याळपणा असतो. २०१८ मध्ये या गल्लीवर क्वीन या बँडच्या एका गाजलेल्या गाण्याच्या ओळी दिव्यांच्या अक्षरांत टांगल्या होत्या. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. शालेय वयात पाचगणीच्या टेकड्यांवर हिंडलेल्या त्या मुलाचे शब्द नाताळात लंडनच्या आकाशात लागलेले पाहून साताऱ्याकडच्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

पिकॅडिली सर्कसला फार वेळ देऊ नये. तेथील जाहिरातींचा प्रचंड पडदा बारा महिने असतो आणि गर्दीत खिसेकापू असतात. त्याऐवजी पिकॅडिली रस्त्याने थोडे पुढे जाऊन फोर्टनम अँड मेसन हे १७०७ पासूनचे दुकान पाहावे. अलीकडच्या वर्षांत डिसेंबरमध्ये त्याची दर्शनी बाजू नाताळपूर्व दिनदर्शिकेसारखी सजवली जाते आणि खिडक्यांवर १ ते २४ असे आकडे दिसतात. तासाला काही मिनिटे कमी असतील, तर गाईडला थांबायची विनंती करावी. दुकानाच्या घड्याळातून दोन्ही संस्थापकांच्या बाहुल्या बाहेर येऊन एकमेकांना लवून अभिवादन करतात.

येथून ट्रॅफल्गर स्क्वेअरकडे जाताना पॅल मॅल लागतो, आणि या फेरीतील माझा आवडता थांबा हाच आहे, जरी तेथे नाताळची म्हणून फारशी आरास नसते. जानेवारी १८०७ मध्ये फ्रेडरिक विन्सर याने याच रस्त्यावर वायूचे दिवे लावून दाखवले आणि रस्त्यांवर गॅसचा उजेड आणण्याची सुरुवात येथे झाली. वेस्टमिन्स्टर आणि आसपासच्या भागांत आजही गॅसवर जळणारे शेकडो दिवे शिल्लक आहेत. सेंट जेम्सच्या बाजूच्या एखाद्या शांत चौकात गाईडने असा दिवा दाखवला, तर त्याच्या खाली मिनिटभर उभे राहावे. एलईडीचा प्रकाश डोळ्यांवर येतो. हा पिवळसर, किंचित थरथरणारा प्रकाश आपल्याकडच्या समईची आठवण करून देतो. मार्गात हा थांबा नसेल, तर गाईडला तशी विनंती करावी. वाट फारशी वाकडी करावी लागत नाही.

ट्रॅफल्गर स्क्वेअरमधील झाड पाहून अनेकांचा विरस होतो, कारण त्याआधी दोन किलोमीटर झगमगाट पाहिलेला असतो आणि येथे एका उंच, साध्या सूचिपर्णी झाडावर उभ्या रेषांत पांढऱ्या दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात. ही नॉर्वेची पद्धत आहे. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर तेथील राजा सातवा हाकोन आणि त्याचे सरकार लंडनमध्ये आश्रयाला आले. त्या मदतीची कृतज्ञता म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी एक स्प्रूस वृक्ष लंडनच्या लोकांना भेट देते. झाड सहसा वीस मीटरहून उंच आणि पन्नास-साठ वर्षे वयाचे असते आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्लोजवळच्या जंगलात समारंभपूर्वक तोडले जाते. २०२१ चे झाड विरळ दिसले म्हणून लंडनकरांनी त्याची भरपूर थट्टा केली. भेट म्हणून आलेल्या वस्तूला नावे ठेवण्याची हौस ही केवळ आपल्या लग्नघरांपुरती नाही, असे म्हणायचे. ही हकिगत गाईडने झाडाजवळ पोहोचण्यापूर्वी सांगितली, तर झाड वेगळेच दिसते, म्हणून वाटेतच विषय काढावा. डिसेंबरमध्ये अनेक संध्याकाळी झाडाखाली गायकांचे गट नाताळची गीते गातात; त्या वेळी गाईडला प्रश्न न विचारता ऐकत उभे राहावे.

फेरीचा शेवट कॉव्हेंट गार्डनला होणे सोयीचे, कारण तेथे छताखाली बसता येते, खाता येते आणि स्वच्छतागृहही सापडते. १९७४ पर्यंत ही लंडनची भाजी, फळे आणि फुले यांची घाऊक मंडई होती. जुन्या बाजाराच्या लोखंडी छताला लटकवलेले अवाढव्य गोळे आणि घंटा पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. आमच्या गटातील एका आजींनी त्यावर वरच्या मजल्यावरील कठड्यापाशी जाऊन समोरच्या समोर पाहण्याची युक्ती काढली आणि गाईडसह सगळे त्यांच्यामागे गेले.

छायाचित्रांविषयी थोडेसे

फोनवर दिवे काढताना ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे भाजून निघतात. पडद्यावर सर्वांत तेजस्वी भागाला बोट लावून उजेड कमी करावा. इमारती थोड्या काळ्या आल्या तरी चालेल, पण दिव्यांचे रंग टिकतात. चित्रात आडवे पट्टे उमटत असतील, तर ती दिव्यांच्या लुकलुकण्याची करामत असते. फोनमध्ये सोय असल्यास शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवावा. काचबंद बसमधून काढताना फोन काचेला अगदी टेकवून धरावा, म्हणजे आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही.

एक गंभीर सूचना. मध्य लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या सायकलींवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार बरेच होतात. पदपथाच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून फोन उंचावणारा पर्यटक त्यांना दुरूनच दिसतो. छायाचित्र घेताना इमारतीच्या बाजूला सरकावे, पाठ भिंतीला लावावी, दोन्ही हातांनी फोन धरावा आणि काम होताच तो आतल्या खिशात ठेवावा.

परतताना

ज्या कार्डाने किंवा फोनने प्रवास सुरू केला, त्यानेच ट्यूबमधून बाहेर पडतानाही नोंद करावी. थंडीत हातमोजे काढण्याच्या गडबडीत दुसरेच कार्ड पुढे केले, तर दोन्ही कार्डांवर जादा भाडे पडते. बसमध्ये चढतानाच एकदा कार्ड लावायचे असते आणि त्यानंतर तासाभरात बदललेल्या बसगाड्यांचे वेगळे भाडे लागत नाही.

कॉव्हेंट गार्डन स्थानकाकडे मात्र वळू नये. तेथे लिफ्टसाठी रांग लागते आणि कंटाळून जे जिना धरतात त्यांना १९३ पायऱ्यांचा गोल जिना उतरावा लागतो. त्यापुढचे लेस्टर स्क्वेअर स्थानक रुळांवरून अवघे २६० मीटर दूर आहे. वर रस्त्याने ते पाच-सात मिनिटांवर येते. तिकडे जाताना बेडफर्डबरी नावाच्या रस्त्यावरून गुडविन्स कोर्ट या अरुंद बोळात शिरावे. बाहेर आलेल्या काळ्या चौकटींच्या खिडक्या, पितळी कड्यांचे दरवाजे आणि वर गॅसचे दिवे एवढेच तेथे आहे. दारांमागे लोक राहतात आणि काम करतात, म्हणून आवाज खाली ठेवावा. बोळाच्या दुसऱ्या टोकाला सेंट मार्टिन्स लेन लागते आणि तेथून उजवीकडे वळून कोपरा ओलांडला, की स्थानकाची पाटी दिसते.